नवरदेवाची कट्यार

आरमोरीच्या पुढे, भर सागाच्या जंगलात, माझ्या लग्नाची मोटार रुसली. मालगुजाराकडून मागून आणलेली जुनी गाडी ती. चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीचा बोल्ट तुटून गंजासकट भोकातच रुतून बसला होता. ड्रायव्हरजवळ नवा बोल्ट होता, हातोडा होता, पण जुना ठोकून काढायला बारीक काही नव्हतं. मुहूर्त जवळ येत होता.

मागून एक बैलगाडीवाला आला. कानामागे बिडी, तोंडात गाणं. वाकून बोल्ट पाहिला आणि माझ्या हातातल्या लोखंडी कट्यारीकडे बोट केलं.

"हे द्या."

मामा ओरडले, "हळद लागली हाये त्याले! लगन लागेपर्यंत कट्यार हातातून सुटाची नाई!"

"मंग सोडू नका ना," तो हसला. "नवरदेवालेच घाला गाडीखाली."

त्याने आपल्या चाकांसाठी ठेवलेलं एरंडेल बोल्टवर ओतलं. मी पिवळ्या धोतरानिशी मोटारीखाली उताणा पडलो आणि कट्यारीचं टोक बोल्टवर टेकवून धरलं. शेजारी आडवा होऊन तो मुठीवर हातोडा घालू लागला. प्रत्येक घावाला बैलाला म्हणावं तसं "हां राजा!"

"डोळे मिटू नका, भाऊ. अन् मांडवात हे काळे हात लपवू नका. पोरगी म्हनन, कामाचा नवरा भेटला."

बोल्ट टणकन खाली पडला. मी बाहेर येऊन नाव विचारेपर्यंत त्याचे बैल चालायला लागले होते.

मांडवात मामा ज्याला-त्याला सांगत होते, कट्यार क्षणभरही सुटली नाही. टोक वाकलं होतं, ते कोणी विचारू नये म्हणून. अंतरपाट सरला. हार घालायला मी काळीकुट्ट बोटं पुढे केली, तशी वहिनीने घाईघाईने रुमाल दिला.

मी तो घेतला नाही.