दिपू ऐकत नाई

रुख्माबाईवर माहा पयल्या दिवसापासून भरोसा नवता. मध्यप्रदेशात लालबर्र्याजवळच्या आमच्या गावात ती पंचवीस वर्षांपासून आंगनवाडी चालवते. अंगानं बारीक, चष्मा नाकावर घसरलेला, अन् चाल अशी का मांजर बरी. पाठीमागं येऊन उभी राह्यली तं समजतबी नाई. घराघरात नाक खुपसाची तिले खोडच. कोनाचं पोट्टं केवढ्याचं, कोन किती जेवलं, सारं तिले पाह्यजे. अशा बायांपासून मी चार हात दूरच राहाते.

माही दिपू, म्हंजे दीपिका, तवा अडीच वर्षांची होती अन् एक शब्द बोलत नवती. रुख्माबाई वजन कराच्या बहान्यानं यायची अन् भलतंच इचारायची. कुकरच्या शिट्टीनं झोपेतून उठते का? मागून हाक मारली तं पाह्यते का? मी म्हनलं, दाल में कुछ काला है. हिले वर नावं पाठवाची असतीन, माह्या पोट्टीचं नाव बहिऱ्यात लिहून मोकळी होईन. गावात एकदा तसं नाव पडलं का मंग जिंदगीभर पुसत नाई.

"तिले काई झालं नाई," माही सासू शांताबाई म्हनायची. "घरी मराठी, आंगनवाडीत हिंदी. पोट्टी बिचारी कोनती भाषा बोलन?" हे मले पटलं. आमच्याकडं सारेच असं म्हनते. उशिरा बोलनारं लेकरू दिसलं का दोन भाषांच्या नावानं खडे फोडते. बाकी दिपू हुशार. फक्त ऐकत नाई. दहा हाका मारा, वळूनबी पाह्यत नाई. जिद्दी आहे, बापावर गेली, असं मी सांगायची, अन् लयच झालं तं पाठीत एक धपाटाबी द्यायची.

एक दिवस मी रुख्माबाईले रंगेहात पकडलं. दिपू ओट्यावर खेळत होती, अन् ही तिच्या मागं, तोंडावर पदर धरून, हळूच "दिपू, दिपू" करून राह्यली होती. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकरावर जादूटोना करता का म्हनून मी तिले चारचौघींत झापलं. ती एवढंच बोलली का बालाघाटले मोठ्या दवाखान्यात पोरीचे कान तपासून आन.

मंग मी ठरवलं, हिचा खोटेपना साऱ्यांसमोर काढाचा. टीक्याच्या, म्हंजे लस टोचाच्या दिवशी आंगनवाडीत पंधराक बाया होत्या. दिपूले लाकडी तखतावर बसवलं, तिच्या मागं गेली अन् तखतावर थाळी आपटली. दिपू गर्रकन वळली. बाया हासल्या. मी म्हनलं, आता बोला.

रुख्माबाईनं दिपूले उचलून माह्या कडेवर दिलं, तोंड माह्याकडं करून. मंग पाठीमागं जाऊन थाळी अधांतरी धरली अन् चमच्यानं वाजवली. माह्याच कानाले दडे बसले. कोपऱ्यात झोपलेलं एक लेकरू दचकून रडाले लागलं. दिपू माह्या गळ्यातल्या पोतीचे मनी चिवडत होती. रुख्माबाईनं परत वाजवली. तेच.

"तखत हाललं म्हनून वळली होती, पोरी," ती म्हनली.

तरीबी मले पटलं नाई, खोटं काहून सांगू. कोनती तरी चाल असन. बालाघाटचा कागद आनून हिच्या तोंडावर मारते, असं म्हनून मी अन् माहा नवरा धर्मेंद्र दिपूले घेऊन गेलो. तिथं तिले औषध देऊन झोपवलं, डोक्याले तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले. तपासनाऱ्या मॅडमवरबी माहा शक. मशीन बिघडली असन म्हनून मी त्यायले दोनदा तपासाले लावलं. दोनदाबी तेच आलं. दोन्ही कानांनी लय कमी ऐकू येते, थाळीपेक्षाबी मोठा आवाज असन तवाच पोचते. कानाची मशीन लावा, रोज बोलाले शिकवा, आता उशीर नोका करू, असं त्या म्हनल्या. धर्मेंद्र बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. मी रडली नाई. मले राग आला होता, अन् तो कोनावर काढाचा ते समजत नवतं.

कागद घेऊन मी सीधी रुख्माबाईच्या घरी गेली. वाटलं, आता ही मिरवन. तिनं कागद वाचला अन् घडी करून परत माह्या हातात दिला. मी इचारलं, तुमाले कसं समजलं बाई?

तिचा पोरगा वसंता अंगनात सायकल पुसत होता, चांगला तीस वर्षांचा. आमच्याकडं त्याची पाठ होती.

"याच्यावरून," ती म्हनली. "सात वर्षं मी याले मारलं. ऐकत नाई म्हनून. आजबी मी हात वर केला का हा डोळे मिटते."

मी घरी आली. सासू भाकरीसाठी दिपूले पाठीमागून हाका मारत होती. मी समोर जाऊन बसली. मले पाहून दिपू हासली. तिच्या कपाळावरचे केस मागं साराले मी हात उचलला, अन् माह्या पोट्टीनं डोळे मिटले.