माझा चष्मा, मामांची घार आणि लेन्सचं खूळ

मेमरी कार्ड भरलं की फोटो उडवता येतात, किस्से उडवता येत नाहीत. आमच्या तिघांकडं ते साचतच चाललेत. तिघं म्हणजे साखऱ्याच्या शाळेत शिकवणारी मी, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर कुंडलिकमामा, आणि हिंगोलीत फोटो स्टुडिओ चालवणारे रफिकभाई, आमचे गुरू. रविवारी सकाळी स्टुडिओच्या पायरीवर आम्ही चहा पितो आणि कॅमेऱ्यावर बोलतो. म्हणजे आम्ही दोघं चुका सांगतो, रफिकभाई त्या निस्तरतात.

पहिली चूक माझीच. हौसेनं डीएसएलआर घेतला, सोबत आलेली साधी अठरा-पंचावन्नची लेन्स लावली आणि डोळा लावून बघते तर सगळं धूसर. फोटो मात्र स्वच्छ येत होते. मला वाटलं, कॅमेरा बरोबर आहे, माझे डोळेच गेले. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नंबर जरासा बदलून दिला. नवा चष्मा आला, तरी धूसरच. नवरा म्हणाला, नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं जाऊ. आता मात्र माझं धाबं दणाणलं. रविवारी रडवेली होऊन रफिकभाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी कॅमेरा हातात घेतला. डोळा लावायच्या खिडकीशेजारी मुगाच्या दाण्याएवढं एक चाक असतं, ते अंगठ्यानं फिरवलं आणि कॅमेरा परत दिला. सगळं लख्ख!

"म्याडम," ते म्हणाले, "हे चाक ज्याच्या त्याच्या नजरेपरमानं फिरवायचं असतं. नांदेडला जायचं तर आता फोटो काढायला जा."

*

रफिकभाईंचा एकच धोशा असतो. आधी सहा महिने सोबतची लेन्स वापरा, काय कमी पडतंय ते कळू द्या, मग दुसरी घ्या. कुंडलिकमामांनी आठव्या दिवशी सत्तर-तीनशेची लांबलचक लेन्स आणली. दूरचं दिसतं म्हणजे जवळचंही दिसणारच, असा त्यांचा हिशोब.

कनेरगाव नाक्याला त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. कार्यक्रम घरातल्याच खोलीत. मामा छोटी लेन्स घरी ठेवून गेलेले. कॅमेरा डोळ्याला लावला, तर आख्ख्या फोटोत भाचीची नुसती नथ. मामा मागं सरकले. नथीला नाक आलं. आणखी मागं सरकले, ओसरीत आले, अंगणात आले. डोळा काही कॅमेऱ्यावरून निघेना. मागं मामी हात हलवत उभ्याच होत्या. येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडं घ्या, बस. मामा रस्त्याला लागले तेव्हा कुठं दारातून दोन्ही चेहरे दिसायला लागले, आणि तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या.

भाची पोट धरून हसत होती. नवऱ्या मुलाचा हात धरून ती ओसरीत आली आणि म्हणाली, "मामा, तुमी आता तिथंच थांबा. आमीच भायेर येतो."

अंगणातल्या उन्हात काढलेला तो फोटो आज त्या घरात मोठा करून लावलाय.

*

मला रफिकभाईंनी पन्नासची लेन्स सुचवली. तिच्यात झूम नसतो, पुढं-मागं आपल्या पायानं व्हायचं. माणूस ठळक येतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. मी पार वेडी झाले. चौथीच्या वर्गाचा ग्रुप फोटोही तिनंच काढला आणि छापून ऑफिसात नेऊन दिला.

आमचे मुख्याध्यापक फार काटेकोर. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. खाली बसलेली लेकरं अशी ठळक, की शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. मागं उभे असलेले सर मात्र धुक्यातल्या झाडासारखे.

"मॅडम, पहिली रांग हजर दिसून राहिली," ते शांतपणे म्हणाले. "मला काहून गैरहजर लावलं?"

रफिकभाईंना फोन केला. भरपूर माणसं असली की लेन्सचं तोंड किती उघडायचं तो एक पॉइंट आठचा आकडा आठावर न्यायचा, एवढंच होतं. फोटो परत काढला. गणिताचा तास बुडाला म्हणून त्यात सगळी लेकरं खुशीत आहेत.

*

मामांनी हळदीच्या मार्केटात, पोती ओतली जात असताना, भर वाऱ्यात लेन्स बदलली. पुढच्या महिन्याभरात त्यांच्या आभाळाच्या प्रत्येक फोटोत घार दिसायला लागली. डाव्या कोपऱ्यात, उंच. औंढ्याला घार, तळ्यावर घार, घराच्या गच्चीवरूनही घार. मामा हरखून गेले. "ही माझ्या मागं मागंच येऊन राहिली," असं ते पायरीवर सगळ्यांना सांगायचे.

रफिकभाईंनी लेन्स काढली, रबरी फुंकणीनं आत दोन फुंकरा मारल्या आणि मामांना आभाळाचा फोटो काढायला लावलं. घार गेली. आतल्या काचेवर धुळीचा कण बसला होता.

मामा पुढचे दोन रविवार पायरीवर बसून वर बघत होते. म्हणाले, आभाळ रिकामं वाटून राहिलं.

*

आणि आमच्या शेजारच्या गयाबाई. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी शेत पाहिलं नव्हतं. घरचे म्हणायचे, हळद झकास आहे. गयाबाईंचा विश्वास नव्हता.

एका दुपारी कुंडलिकमामा माझ्याकडं आले होते. मामांनी आणि मी हाताला धरून, एकेक पायरी करत, गयाबाईंना आमच्या गच्चीवर नेलं. नाल्यापलीकडं त्यांचं शेत. मामांनी मोठी लेन्स कठड्यावर टेकवली आणि त्यांचा डोळा खिडकीला लावून दिला.

त्यांनी कॅमेरा हळूहळू या बांधावरून त्या बांधावर फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माझं बाभळीचं झाड केवढं झालं गं."

मग डोळा न काढताच त्यांनी हात पुढं केला आणि सुनेला फोन लावायला सांगितलं. मी लावून दिला.

"सुमन," गयाबाई म्हणाल्या, "बांधाकडच्या दोन सऱ्या पिवळ्या पडून राहिल्या. तिकडं पाणी पोचत न्हाई. आन् बस, बस, उठू नको. चहा पिऊन घे आधी."

गयाबाईंनी मला खुणेनं बोलावलं आणि डोळा लावायला जागा करून दिली. बाभळीखाली सुमन कप हातात धरून ताडकन उभी राहिली होती. तिनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं, झाडावर पाहिलं. आख्ख्या शिवारात चिटपाखरू नव्हतं. मग तिनं कप खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.