पहिला मान मुन्शी घाटाचा

एंटर दाबण्याआधी आमचा इंजिनिअर मोरूभैया तळहातावर पाण्याचे तीन थेंब घ्यायचा. पाणी गंगेचं नसे, ऑफिसच्या फिल्टरचं असे. मग डोळे मिटून, भटजी संकल्प सोडतात त्या सुरात म्हणायचा, "मुन्शी घाटावरच्या एका बोर्डासाठी, नवा प्रोग्राम चढवण्यासाठी, दहा मिनिटांच्या आत, न झाल्यास जैसे थे." पाणी कीबोर्ड चुकवून कचऱ्याच्या टोपलीत सोडायचा, आणि मग एंटर.

मी नाशिकहून नवा आलो होतो. मला वाटलं, माणूस धार्मिक आहे. पुढे कळलं की तो देवळात आईच्या चपला सांभाळण्यापुरताच जातो, तेही बाहेरच. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी भिक्षुकांच्या घरात जन्मल्यामुळे मंत्र सगळे पाठ होते. विश्वास मात्र एकावरही नव्हता.

आमच्या कंपनीचे बोर्ड घाटाघाटांवर गंगेची पातळी दाखवायचे. ऑफिस अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत. बोर्डाशी प्रत्यक्ष जायची गरज नसे. क्लाउडवाल्यांची तयार कोडची लायब्ररी होती. तिच्या चार ओळी लिहिल्या की जॉब, म्हणजे बोर्डांना द्यायचा हुकूम, तयार होऊन क्लाउडवर रांगेत बसे. नेटवर्क मिळेल तसा प्रत्येक बोर्ड आपलं काम उचली, आणि झालं की फसलं ते स्वतःहून कळवी. इतका प्रामाणिकपणा मी पूर्वी कुठल्याच कचेरीत पाहिला नव्हता.

पाण्याच्या थेंबांबद्दल एकदा विचारलं, तर म्हणाला, "संकल्पात काय असतं, गुरु? कोणासाठी, कशासाठी, कधीपर्यंत. जॉबमध्ये तरी वेगळं काय असतं? आणि देवाला बोलवायच्या आधी विसर्जनाची सोय बघायची. लोक तेवढंच विसरतात."

कोणताही नवा प्रोग्राम तो आधी मुन्शी घाटाच्या बोर्डावर पाठवी. तो बोर्ड सर्वांत जुना आणि कुरकुऱ्या. तिथे चाललं तर कुठेही चालेल. आणि तो बंद पडलाच, तर नाववाल्यांना शेजारचा अहिल्याबाई घाटाचा बोर्ड दिसे. "एकदम सगळ्यांना हुकूम देणारा राजा तरी असतो, नाहीतर गधा," असं तो म्हणे. राजे आता उरले नाहीत, हे तो मालकांच्या केबिनकडे बघून म्हणे.

मालक राहुकाळात फोनसुद्धा उचलत नसत. श्रावणात त्यांनी समारंभ ठरवला. अहिल्याबाई घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर मांडव, एक बडे पाहुणे, आणि एक लाल बटण. पाहुण्यांनी बटण दाबायचं की सगळ्या बोर्डांवर एकदम त्यांचा फोटो, त्याच्याखाली पाण्याची पातळी.

मोरूभैयाने समजावून सांगितलं. फोटो जड आहे, जुन्या बोर्डांना पेलला नाही तर पातळीही जाईल. गंगा चढते आहे, नाववाले आकडा बघून नावा वर ओढतात; सगळे बोर्ड आंधळे झाले तर नावा वाहून जातील. मालक म्हणाले की एका बोर्डाने भव्यता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून ऑफिसात आला. मालकांना गंभीरपणे सांगितलं, "साहेब, शास्त्र असं आहे की पहिला मान एकाचाच. त्याला पोचला की मग बाकीच्यांना. एकदम सगळ्यांना वाढणं म्हणजे पंगत नाही, लूट." मालकांनी हात जोडले. वर मुहूर्तही विचारला. मोरूभैयाने जेवणानंतरचा दिला.

पाहुण्यांनी बटण दाबलं. मुन्शी घाटाच्या बोर्डावर वरून खाली फोटो उतरू लागला. कपाळ आलं, डोळे आले, मिशीपर्यंत पोचला आणि बोर्ड काळा झाला. बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते वाजवत राहिले. मोरूभैयाने बाकीच्यांसाठी रांगेत असलेला जॉब रद्द केला. बाकीचे बोर्ड कुणाच्याही फोटोशिवाय पातळी दाखवत राहिले. संध्याकाळपर्यंत पाणी मांडवाच्या खांबाला लागलं. नावा तोवर वर गेल्या होत्या.

मालकांनी त्याला काढलं. प्रोग्राम चुकला, असं त्यांच्या मनातही आलं नाही. म्हणाले, मुहूर्त खोटा निघाला. इंजिनिअरच्या नोकरीवरून भटजी म्हणून काढलेला मी पाहिलेला हा एकच माणूस. जाताना त्याने मुन्शी घाटाच्या बोर्डावर जुना प्रोग्राम चढवला, आकडा उमटलेला पाहिला आणि पान खायला गेला. आता तो पुण्यात कुठल्याशा कारखान्याची यंत्रं सांभाळतो.

परवा त्याला फोनवर सांगितलं की मुहूर्त आता दुसरा भटजी काढतो, पण शास्त्र मालकांनी सोडलेलं नाही. आजही पहिला जॉब मुन्शी घाटालाच जातो. मालक स्वतः तळहातावर पाणी घेऊन शेजारी उभे राहतात. फिल्टरचं त्यांना चालत नाही, घाटावरून तांब्या येतो.

तो पोटभर हसला.

"पाणी कुठलं का असेना, गुरु. पहले एकच बोर्ड ना? बस."