गोणीतून आलेला गिअरबॉक्स

जीप ट्रॅक्टरला दोर लावून घरी आली आणि तिचा गिअरबॉक्स आला खताच्या रिकाम्या गोणीत. गॅरेजच्या माणसानं ती गोणी अंगणात धप्पकन टाकली. आत लोखंड लोखंडावर आदळलं. "मालक म्हणाले, हा आता संपला. नवीनच बसवा," एवढंच सांगून तो ट्रॅक्टरवर चढला.

इंदापूरपासून थोड्या अंतरावर आमची वस्ती, चार एकर डाळिंब. जुनी जीप नवऱ्यानं डाळिंबाची खोकी बारामतीला न्यायला घेतली होती. गळिताच्या हंगामात ते सोमेश्वरनगरला कारखान्यात कामाला असायचे, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचे. मागे मी आणि माझे सासरे. त्यांना सगळे तात्या म्हणत. जीप मीच चालवायचे. नव्वदच्या आसपासच्या त्या वर्षांत आमच्या रस्त्यावर बाई जीप चालवताना दिसली की सायकलवाले उतरून बघत. बघू देत. माझं काम अडत नव्हतं.

अडलं ते तिसरा गिअर सटकायला लागल्यावर. बारामतीच्या एका गॅरेजात जीप नेली. मालक नवऱ्याच्या ओळखीचा. पहिल्या दिवशी तात्या माझ्याबरोबर आले आणि मी बाजारात गेले तेव्हा दिवसभर तिथंच बाकड्यावर बसून राहिले. त्यांच्यासमोर गिअरबॉक्स उघडला. मालक म्हणाला, आठवड्यानं या.

आठवड्याचे पाच आठवडे झाले. दर खेपेला मी एसटीनं जायचे आणि दर खेपेला तो माणूस माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत बोलायचा. "तुमच्या मिस्टरांना पाठवून द्या. बाईमाणसाला काय सांगायचं यातलं?" मी म्हटलं, "गाडी मी चालवते, मला सांगा." तर त्यानं हसून हातातलं फडकं झटकलं आणि आत गेला. नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "ओळखीचा हाय, करंल. दम धर." दम धरला. त्याचं फळ ती गोणी.

मी ती ओसरीवर उलटी केली. माझे वडील कोऱ्हाळे बुद्रुकला विहिरीवरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचे. लग्नाआधी सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून बेअरिंगं ठोकलीत. त्यामुळे लोखंडाची भीती नव्हती. पण गिअरबॉक्स मी कधी उघडला नव्हता, आणि समोर नुसता ढीग. कशानंतर काय, कुणाला ठाऊक.

तात्या काठी बाजूला ठेवून खाली बसले. त्यांनी जन्म मेंढरांमागं काढलेला, पाना कधी हातात धरलेला नव्हता. ढिगातली एक पितळी कडी उचलून म्हणाले, "ही न्हाय आपली."

"कशावरून?"

"आपल्या कडीला दातं शाबूत व्हतं. त्यानं काढली तवा मी हातात घिऊन बघितली व्हती. ही झिजून गुळगुळीत झालीय." मग थांबून म्हणाले, "सूनबाई, त्यानं काय काय कसं काढलं, ते समदं ध्येनात हाय माझ्या. दिसभर दुसरं काय बघत व्हतो मी?"

मला आधी खरं वाटेना. पण मी रॉकेलच्या पातेल्यात एकेक वस्तू धुऊन पुढं करायचे आणि तात्या ती पोत्यावर नेमक्या जागी मांडायचे. शेवटी निघालं ते आधी, आधी निघालं ते शेवटी. दुपारपर्यंत पोतंभर रांग लागली. कुठंही दाते जुळेनात असं झालं नाही. कमी होत्या फक्त सुईसारख्या बारीक दोन सळ्या. खालच्या शाफ्टभोवती त्यांची दाटीनं रांग लागते, एक जरी गळली तरी गिअर डुगडुगतो.

म्हणजे आमची चांगली कडी काढून घेतली, दुसऱ्या कुणाची झिजलेली गोणीत टाकली आणि वर सांगितलं, हा संपला. ती कडी पदरात बांधून मी दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली.

मालक गिऱ्हाइकांशी बोलत होता. मी कडी त्याच्या टेबलावर ठेवली. "ही आमची नाही. आमची द्या. आणि दोन सुया कमी आहेत, त्या पण."

"कोण म्हणतं तुमची न्हाय?"

"तुम्ही उघडलं तेव्हा माझे सासरे इथंच बसले होते."

"ते म्हातारं?" तो गिऱ्हाइकांकडं बघून हसला. "मेंढरं राखणारं माणूस, त्याला गिअरबॉक्समधलं काय कळतंय? लेंड्या मोजायला सांगा त्याला."

दोघं-तिघं हसले. आज इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना माझे कान तापतात. मला बोलला असता तर एक वेळ गिळलं असतं. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. म्हणाले, "माझी वस्तू मिळेपर्यंत मी इथून उठत नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही कडी दाखवते आणि तुम्ही काय केलंत ते सांगते." आणि खरोखर सांगायला लागले. पहिला आला तो माळेगावचा एक बागायतदार. त्यानं कडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आपली गाडी सुरू करून निघून गेला. दुसराही दारातूनच वळला. तिसरा येताना दिसला तसा आतल्या बाजूला काम करणारा वयस्कर फिटर उठला, त्यानं फळीवरच्या डब्यातून एक कडी आणि दोन सुया काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि परत आपल्या कामाला लागला. त्यानं मालकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

मालक म्हणाला, "आधी नीट सांगायचं की. चुकून राहिलं असंल." चुकून! मी उठले. माफीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

घरी आल्यावर मी तात्यांना एवढंच सांगितलं की कडी मिळाली. लेंड्यांचं काही सांगितलं नाही.

जोडायला तीन दिवस लागले. सुया ग्रीसनं आत चिकटवायच्या आणि वरून शाफ्ट सरकवायचा. जरा हात हलला की सगळ्या खाली. चार वेळा पडल्या. पाचव्या वेळी बसल्या तेव्हा तात्यांनी रोखलेला श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. झाकणातली दांडा रोखणारी स्प्रिंग मऊ पडली होती, तिसरा सटकायचा तो त्यामुळंच; ती नवी घातली. वरचं झाकण बसवून दांडा हलवून पाहिला तर दोन गिअर एकदम अडकले आणि सगळं जाम. मी पाना फेकून दिला. तात्या शांतपणे म्हणाले, "झाकणातनं एक बारकी खिळी पडली व्हती, गव्हाएवढी. ती घातलीस का?" नव्हती घातली. गोणी झटकली तर तळाच्या शिवणीत अडकलेली सापडली. ती बसवली आणि दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला.

शेजारच्या दोघांनी जॅक लावून गिअरबॉक्स वर चढवून दिला. तात्यांना शेजारी बसवून मी इंदापूरपर्यंत जाऊन आले. तिसरा गिअर धरून ठेवला होता, सटकला नाही. तात्या वाटभर समोर बघत होते. एकदाच म्हणाले, "ग्वाड चाललीय."

हंगाम संपून नवरा घरी आला. बारामतीला जीप त्यांनी चालवली आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? चांगलं काम केलं त्यानं." मग मी सगळं सांगितलं. लेंड्यांचंसुद्धा. त्यांचा चेहरा उतरला. गाडी वळवून गॅरेजवर जायला निघाले. मी म्हटलं, "मारामारी नको. कुणी विचारलं तर खरं ते सांगा, बस."

गॅरेजवर न जाता परतताना चहाला थांबलो. तिथं ओळखीचे दोघं भेटले. त्यांनी विचारलं, "काय, जीप झाली का दुरुस्त? गॅरेजवाला तर सांगत होता, त्यानंच सगळं बसवून दिलं." नवरा म्हणाला, "छ्या! त्यानं कुठलं? घरातल्यांनी बसवला."

घरातल्यांनी. मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिथंच, त्या दोघांसमोर विचारलं, "अहो, घरातले म्हणजे कोण?"

ते गडबडले. मग म्हणाले, "हिनं बसवला. हिनं आणि तात्यांनी."

ते दोघं जीपकडं बघायला लागले. त्यातला एक मोठ्यानं हसला. त्याला ती थट्टा वाटली होती.