ताईची सुटका

आम्हां बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंमध्ये, रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेले धर्मगुरू, नव्हतेच. पिढ्यान् पिढ्या आमचं काम हज्जानांवर भागलं. हज्जान म्हणजे प्रार्थना म्हणणारा. तोच लग्न लावायचा, तोच माती द्यायचा, आणि एरवी कुठेतरी कारकुनी करायचा. जळगावात तर तोही नव्हता. आमची तीन घरं, त्यातल्या त्यात बाबांना हिब्रू वाचता यायचं, म्हणून कोंबडी कापण्यापासून सणाच्या प्रार्थनेपर्यंत सगळं बाबाच. रेल्वेची नोकरी सांभाळून ते हे करत. त्यांना कोणी गुरू म्हटलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

ताईला धुळ्याला दिली होती. भावजी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. सासूसासरे दोघंही नव्हते, पण एक लहानगा दीर होता, लग्नात ताईच्या शालूला धरून हिंडणारा. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाढे शिकवले. तिला स्वतःचं मूल झालं नाही. ती म्हणायची, "आहे की माझं एक."

शिरपूरच्या रस्त्यावर कामाची पाहणी करताना ट्रकने भावजींना उडवलं. माती द्यायला आमची दहा माणसं लागतात. ती जमली नाहीत. सहाच आली. उरलेल्या जागी भावजींचे मुकादम आणि ताईचे घरमालक, कापडाचे मारवाडी व्यापारी, डोक्यावर रुमाल घालून उभे राहिले आणि बाबांनी पुस्तक उघडलं. त्या दिवशी खानदेशात कोणी रब्बी आला नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

ताई माहेरी आली नाही. धुळ्यातच शाळेत नोकरी धरली आणि दिराला घेऊन राहिली. दोनेक वर्षांनी भुसावळच्या रेल्वे कारखान्यातल्या आमच्यातल्याच एका माणसाने तिला मागणी घातली. शांत, जरासं टक्कल पडलेला, हसला की कान हलणारा. पोरगाही आमच्याकडेच राहील, असं त्याने आपणहून सांगितलं. ताई कितीतरी दिवसांनी भांग पाडून रंगीत पातळ नेसली. माझ्या आजीच्या विधवा बहिणीचं दुसरं लग्न आमच्या घरात झालेलं होतं, त्यामुळे कोणाला काही वाटायचं कारणच नव्हतं.

लग्न मुंबईच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, लावायचं ठरलं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. तिथल्या म्हाताऱ्या हज्जानांना बाबा, ताई आणि मी भेटायला गेलो. ते म्हणाले, "आता आमच्या हातात नाही. रब्बी आलेत परदेशातून. त्यांना विचारावं लागतं."

रब्बी तरुणच होते. आवाज मऊ. इंग्रजीत विचारत, हज्जान मराठीत सांगत.

"मूल?"

"नाही."

"मयताला भाऊ आहे?"

बाबा हसले. "आहे ना. दहा वर्षांचा."

रब्बी हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. निपुत्रिक विधवा दिराला बांधलेली असते. त्याने तिच्याशी लग्न करावं, नाहीतर तिला मोकळं करावं. मोकळं करण्याचा विधी असतो. पण मुलगा तेरा वर्षांचा होईपर्यंत तो विधी करता येत नाही. तोवर थांबा.

"कोणाला बांधलेली?" ताईने विचारलं. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं असं वाटलं मला. हज्जानांनी खाली बघत पुन्हा सांगितलं.

"अहो, त्याची नखं मी कापते," ताई म्हणाली.

हे वाक्य हज्जानांनी इंग्रजीत केलंच नाही.

आमच्या आज्या-पणज्यांनी काय केलं होतं मग? त्यांची लग्नं काय खोटी? मी हे मोठ्याने विचारलं तर बाबांनी माझा दंड धरून मला गप्प केलं. त्या काळात इस्राएलला जाण्याचं वारं होतं आणि तिकडे आमच्या लोकांच्या शुद्धतेबद्दल शंका काढत होते. हा विधी न करता तुमच्यात विधवांची लग्नं कशी व्हायची, असंच विचारत. त्यामुळे ज्याला त्याला रब्बींचा पक्का कागद हवा होता. बाबांनाही. ज्या माणसाने जावयाला स्वतः माती दिली, तो माणूस त्या खोलीत हात जोडून उभा होता.

ताई धुळ्याला परतली. घरमालकांच्या घरी भांडी घासणाऱ्या आक्कांना तिने सगळं सांगितलं. त्या हातातलं पातेलं ठेवून म्हणाल्या, "हाऊ कसा धरम शे वो माय? बठ्ठं बाईनाच डोकावर!" सगळं बाईच्याच डोक्यावर, मुंबईच्या त्या खोलीत कोणी एवढं तरी म्हणायला हवं होतं.

भुसावळचा माणूस वर्षभर थांबला. मग त्याच्या आईने त्याचं लग्न दुसरीकडे लावलं आणि ती सगळी इस्राएलला गेली. जाण्याआधी तो धुळ्याला येऊन गेला. ताईने त्याला पोहे करून दिले.

दीर तेरा वर्षांचा झाला तसे बाबा पुन्हा मागे लागले. ते आणि आई इस्राएलला जायचं म्हणत होते, जाण्याआधी पोरीला मोकळी केलेली बघायची होती. ताई नाही म्हणाली. आई रडली. ताई पोराला घेऊन मुंबईला गेली, बरोबर आम्हीही.

पाच माणसं पंच म्हणून बसली होती, मध्ये रब्बी. पोराच्या उजव्या पायात चामड्याचा एक जोडा घातला, वाद्याच वाद्या असलेला, त्याच्या पायाला ढगळ होणारा. त्याने भिंतीला टेकून पाय जमिनीवर दाबून धरला. हज्जानांनी सांगितले तसे हिब्रू शब्द ताईने म्हटले. मग त्याच्यासमोर वाकून एका हाताने एकेक वादी सोडली, जोडा काढला आणि बाजूला टाकला. आता त्याच्यापुढे जमिनीवर थुंकायचं आणि म्हणायचं, जो भावाचं घर उभं करत नाही त्याचं असं होतं.

ताई उभी राहिली. पोरगं तिच्याकडे बघत होतं. नुकतीच मिसरूड फुटू लागलेली, ओठ गच्च मिटलेले.

"थुंका," हज्जान हळूच म्हणाले.

"नाही."

"बाई, एवढंच राहिलंय."

"ह्याला गोवर झाला तेव्हा मी ह्याची ओकारी ओंजळीत धरलीय. मी ह्याच्यापुढे थुंकणार नाही."

रब्बींनी पुन्हा मऊपणे सांगितलं की मग विधी पुरा झाला असं लिहून देता येणार नाही. ताई खाली बसली, पोराची स्वतःची चप्पल ओढून घेतली, त्याच्या पायात घातली आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली.

बाबा रस्त्यात ओरडत होते. आयुष्याचं वाटोळं केलंस, आम्ही तिकडे गेल्यावर तुझं कोण? येणारे-जाणारे थांबून बघत होते. पोरगा म्हणाला, "वहिनी, थुंकली असतीस तरी चाललं असतं. मला काही वाटलं नसतं."

"मला वाटलं असतं," ताई म्हणाली. "चल, भूक लागली असेल."

आईबाबा इस्राएलला गेले. माझं लग्न होऊन मी मुंबईला आले. ताई धुळ्यात शिकवत राहिली. दोन स्थळं आली, दोन्ही कागदापाशी अडली. तिसरं आलं नाही. पोरगा डिप्लोमा करून वीज मंडळात लागला.

आणि मग एकदा माझ्या नणंदेच्या मुलाच्या सुंतेला दुसरे एक रब्बी आले होते. वयस्क, बोलके. जेवताना मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, खरं तर भांडायलाच. त्यांनी घास खाली ठेवला.

"जोडा काढला होता? तिने? पंचांसमोर?"

"हो."

"मग ती त्याच दिवशी सुटली. थुंकायला हवं, पण ते राहून गेलं म्हणून विधी मोडत नाही. आमच्या शास्त्रात यावर वाद झालेला आहे, आणि निकाल तिच्या बाजूने आहे."

मी विचारलं, "हे त्या रब्बींना ठाऊक नसेल?"

"ठाऊक असायला हवं होतं," ते म्हणाले आणि भात मागितला.

मी उठून हात धुतले. ठाऊक नव्हतं, तर कोणत्या अधिकाराने तो माणूस तिथे बसला होता? आणि ठाऊक होतं, तर? माझ्या बहिणीने ऐकलं नाही एवढ्यासाठी तिला तसंच बांधून ठेवलं? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट हे मला आजही ठरवता येत नाही. तोवर ते पहिले रब्बी मायदेशी गेले होते आणि म्हातारे हज्जान वारले होते. जाब विचारायला कोणी उरलं नव्हतं.

मी एसटीने धुळ्याला गेले. ताई सहामाहीचे पेपर तपासत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने लाल पेन्सिल हातातच धरून ऐकलं. केस कानामागे पांढरे झाले होते तिचे.

"बाबांना कळवू नकोस," ती म्हणाली. "त्यांना आता सोसणार नाही."

"आणि तुला?"

तिने पुढचा पेपर ओढला.

मी कळवलं. त्याच आठवड्यात चार पानं लिहिली, एकही शब्द राखून ठेवला नाही. बाबांचं उत्तर आलं. तिकडची थंडी, आईचे गुडघे, शेजारी राहणारं मोरोक्कोचं कुटुंब, आणि शेवटी ताईला आशीर्वाद. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. मी ते पत्र ताईला दाखवलं नाही. बाबांनी जावयाच्या मातीला आमची दहा माणसं नसतानाही प्रार्थना म्हटली होती. तेव्हा त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. पोरीच्या सुखासाठी मात्र लागली. याचा राग ते वारल्यावरही माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.