फोम कोंबलेलं धरण

माणूस सोफे विकत होता तोवर बरा होता. दुकान मुलाच्या हवाली केलं, गावाबाहेरच्या जागेतला ओढा मातीचा बांध घालून अडवला, तुंबलेल्या तळ्यात एक होडी सोडली, आणि स्वारीचा मेंदूही तिच्यासोबत तरंगायला लागला. लोक त्याला कप्तान म्हणायचे. म्हणायचे चेष्टेने, पण याने लगेच पांढरी टोपी विकत आणली!

"हे आमचं धरण," असं तो पाहुण्यांना सांगे. धरण कसलं, दोन पुरुष उंचीचा मातीचा ढिगारा. पण बोलताना छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसायची. होडी तळाला घासते म्हणून त्याने सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जायच्या वाटेत, फळ्या ठोकल्या. पाणी आणखी चढलं. होडी खूश, कप्तान खूश.

बांधाच्या अगदी पायथ्याशी त्याच्या मेव्हण्याची लाँड्री होती आणि मागच्या खोल्यांत बिऱ्हाड. एक दिवस मेव्हणा वर आला.

"भाऊजी, बांधातून माझ्या अंगणात पाणी झिरपतंय."

"मातीला घाम येतो, मेव्हणे. इस्त्री करताना तुम्हाला नाही येत?"

तरी पाहुण्यांना ओल दिसायला नको, म्हणून स्वारी स्वतः खाली उतरली. घुशीने पोखरलेलं एक भोक सापडलं. आता या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कुठलंही भोक एकाच पद्धतीने बुजवलेलं. दुकानातून फोम मागवला, आत कोंबला, वरून तपकिरी रेक्झिन ताणून बसवलं आणि कडेने खिळे मारले. मातीत खिळे! वर थाप मारून म्हणतो, "दहा वर्षं दबायचं नाही." सोफा धुऊ नका, फोम पाणी पितो, असं गिऱ्हाइकांना बजावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचं हे डोकं!

पुढे पावसाने मुक्काम ठोकला. मेव्हणा निथळत आला, हातात बादली.

"कालपर्यंत पाणी नितळ येत होतं. आज हे बघा, नुसता गाळ. बांध आतून वाहून चाललाय. पोरं खाली आहेत माझी. फळ्या काढा, भाऊजी."

"आणि रविवारी होडी काय चिखलात चालवू? लोक यायचेत."

"अन् बांध फुटला तर?"

कप्तानाने सरड्यालाही लाज वाटेल असा रंग बदलला. "हे बघा, पाणी काही मी आणत नाही, ते वरून येतं. आणि कायद्याने बोलायचं तर हे धरण माझं नाहीच. जमीन तुमच्या बहिणीच्या नावावर आहे. मालकिणीला विचारा."

मालकीण तिथेच भाजी निवडत बसली होती. "अहो, खरंच माझ्या नावावर आहे?"

"मग! उद्या काही झालं तर जबाबदार तूच."

"बरं झालं सांगितलंत." तिने ताट बाजूला सारलं आणि उठली. "पोरांना आधी वर आण रे," ती भावाला म्हणाली, "आणि येताना पहार घेऊन ये."

दोघांनी चिखलात पाय रोवून एकेक फळी उचकटली. कप्तान व्हरांड्यात छत्री धरून ओरडत होता, "हळू! फळ्यांचा रंग जाईल!" सांडव्यातून पाणी धो धो बाजूने खालच्या ओढ्यात पळालं. तळं हाताभर उतरलं, तशी अंगणातली धार करंगळीएवढी झाली.

पाऊस थांबल्यावर बाईने पंप लावून उरलेलं तळं उपसलं आणि मशीन बोलावून बांध सपाट करायला घेतला.

"मला विचारलंस का?" कप्तान कडाडला.

"मालकिणीला विचारलं. ती हो म्हणाली."

मेव्हण्याचं बिऱ्हाड परत खाली राहायला गेलं. कप्तानाने मात्र रागारागाने बायकोशी बोलणंच टाकलं. तिला ते आठवड्याने कळलं, तेही भावाने सांगितलं तेव्हा.