पांजरपोळातला तपस्वी

मला बोलायला माणूस लागतं. माहेरी माझ्या तोंडाची ख्याती होती. आई म्हणायची, ही मुकी झाली तर गावाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. आणि लग्न होऊन पिंपरीला आले तर या तोंडाला कामच उरलं नाही. यजमान नव्या कारखान्यात लागले होते. रात्रपाळी असली की दिवसा झोपायचे, दिवसपाळी असली की दमून झोपायचे. झोपलेल्या माणसाशी किती बोलणार? खोलीबाहेर माळ, बाभळी आणि वारा. त्या वाऱ्याला खारा वास नव्हता. वेंगुर्ल्याकडच्या मुलीला ते किती लागतं, हे तिथे कुणाला सांगायची सोय नव्हती.

खोली देताना घरमालकीणकाकूंनी एकच अट घातली होती. माशाचा वास आला, की त्या दिवशी बिऱ्हाड बाहेर. मी मान डोलावली. करते काय? ज्वारीची भाकरी थापायला शिकले, गिळायलाही शिकले. पण जेवताना कधी कधी उगाचच रडू यायचं, आणि विचारायला कुणी नाही म्हणून ते आपोआप थांबायचं.

काकू तशा वाईट नव्हत्या. चातुर्मासात दर सोमवारी नदीकाठच्या पांजरपोळात गाईंना चारा घालायला जायच्या. भाकड गाई, लंगडी घोडी, जखमी पाखरं तिथे सांभाळली जायची, व्यापाऱ्यांच्या दानधर्मावर. एका सोमवारी काकूंनी मलाही ओढून नेलं. म्हणाल्या, तिथे एक तपस्वी आलाय, दर्शन घे, तुझ्या मनाला शांतता मिळेल.

तपस्वी म्हणजे पिंजऱ्यातलं पाखरू. वादळी पावसानंतर कुणाच्या तरी शेतात पडलेलं सापडलं होतं, एक पंख लोंबत होता. आणलं त्या दिवशी नेमकी एकादशी. अन्नाला शिवेना. दुसऱ्या दिवशीही शिवेना. झालं, लोकांनी ठरवून टाकलं, याचा चातुर्मासाचा उपास आहे! पिंजऱ्याला हळदकुंकू, पुढ्यात झेंडूची फुलं, आणि उपास सोडावासा वाटलाच तर म्हणून वाटीभर ज्वारी. बायका रांगेने हात जोडत होत्या.

मी वाकून पाहिलं. पांढरं पोट, लांब टोकदार चोच, बोटांमध्ये कातडं. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. आमचे बाबा त्यांना नुसतं होडीमागची पाखरं म्हणायचे. जाळं ओढलं की ती हजर. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मेल्या, तू हंय कसो इलंस?" कितीतरी दिवसांनी मी माझ्या बोलीत बोलले होते, तेही पाखराशी.

काकूंना मी सांगितलं की हा उपास नाही, याला मासे हवेत, नाहीतर हे मरेल. काकूंनी कानांवर हात ठेवले. देवाधर्माच्या जागी असलं बोलू नये, म्हणाल्या, आणि मला ओढतच घरी आणलं. माझं डोकं असं सणकलं की जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. तिथला राखणदार जवळच्या गावचा, गळ्यात तुळशीची माळ, मासमच्छीचं नाव न घेणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं. आत मासा आणला तर पांजरपोळ चालवणारे शेटजी त्याला त्याच दिवशी हाकलतील, असं तो म्हणाला. मग पिंजऱ्याकडे बघत म्हणाला,

"आत न्हाई चालायचं, ताई. पण भिंत हितवरच हाय. नदी काय शेटजींची न्हाई."

तेव्हापासून दुपारी फाटक बंद असताना तो पाखरू टोपलीत घालून नदीवर आणायचा. मी नदीत मासे धरणाऱ्या भोयांच्या बाईकडून बोटभर मासे पानात बांधून घ्यायची. पहिल्या दिवशी चोच उघडून डोक्याकडून मासा सरकवला, त्याने तो थुंकून टाकला. दुसराही थुंकला. तिसरा गळ्यातून खाली उतरताना दिसला आणि मी मोठ्याने रडले. राखणदार पाठ करून बसला होता. वळला नाही. त्याने विचारलं, गिळलं का? मी म्हटलं, गिळलं.

मग रोजचंच झालं. पाखराला भरवता भरवता मी त्याच्याशी बोलायची. बाबांची होडी, आईचं तिरफळ घातलेलं माशाचं कालवण, झोपलेला नवरा, सगळं. राखणदाराच्या पाठीला ते ऐकू जात असणारच. इकडे काकू सगळ्यांना सांगत होत्या, बघा, निराहार राहून कसं तेज चढलंय!

पंख सांधला. एका दुपारी पश्चिमेचा वारा सुटला होता. पाखरू टोपलीतून उतरलं, वाळूवर धडपडत धावलं आणि उठलं. नदीवर एक गिरकी घेऊन समुद्राच्या बाजूच्या डोंगराकडे गेलं. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. याच्यासाठीच तर धडपड केली होती. तरी मला एवढंच वाटलं, मेल्या, मला टाकून गेलास.

राखणदार तसाच पाठमोरा. "गेलं?"

"गेलं."

पानात तीन-चार मासे उरले होते. ते मी पाण्यात टाकायला उठले. त्याला ते कसं कळलं कोण जाणे. तो उठला, तीन दगड मांडले, काटक्या आणल्या, काडेपेटी माझ्यापुढे ठेवली.

"टाकू नका, ताई. तुमीबी लई दिस उपाशी हाय."

आणि वास येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन, पुन्हा पाठ करून बसला. मी मासे भाजले. मीठ नव्हतं, हळद नव्हती. काट्यांसकट खाल्ले. मग चूळ भरली, वाळूने हात घासले, घरी आले.

काकू ओट्यावरच होत्या. पाखरू उडून गेलं, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाल्या, पारणं न फेडताच गेलं गं बिचारं. मी हं म्हटलं आणि आत आले. यजमान झोपले होते. मी भिंतीला टेकून हात नाकाशी धरले. इतके घासूनही वास थोडा उरला होता. तो जाऊ नये म्हणून त्या संध्याकाळी मी भांडी घासली नाहीत.